मोठ्या मायचा दोन अक्षरांचा निरोप

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. तोंडाला पदर लावून हसलं तरी ते हसणंच असतं बरं का! मागं एकीला सांगायला बसले, तर तिनं अख्खा कप माझ्या लुगड्यावर सांडला. तेव्हा आधी कप खाली ठेवा.

तर काय, मी एकदा भूत आणलं.

खरं नव्हे हो! साबणाचं. पण ते साबणाचं भूत माझ्याच मानगुटीवर असं बसलं, की खऱ्या भुतानं सुद्धा येऊन शिकवणी लावावी.

ही नव्वदनंतरची गोष्ट. माझं माहेर हिंगोली, आणि सासर हिंगोलीकडच्याच गोरेगावजवळच्या खेड्यात. घरी शेती आणि मेंढ्या-बकऱ्यांचा हा एवढा कळप. माणसं मात्र मोजकीच. सासू, सासरे, आमचे हे आणि मी. हे गोरेगाव ते सेनगाव काळीपिवळी जीप चालवायचे.

लग्नात माझ्या वडिलांनी मला शिलाई मशीन दिली होती. मी हिंगोलीत शिवणक्लास केलेला. पोलकं असं शिवायचे, की घालणारी आरशापुढून हलायची नाही. (स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतंय, कारण दुसरं कोणी सांगणारं उरलं नाही. का, ते कळेलच.)

पण सासरी आल्या आल्या मशीन गेली कोपऱ्यात. तिच्यावर गोधडी, गोधडीवर तांदळाचा डबा, डब्यावर डाळीचा डबा आणि सगळ्यात वर कुरडयांची पाटी. देवापुढं सुद्धा एवढा नैवेद्य कोणी रचत नाही!

"आत्याबाई, मशीन उघडू का?" असं मी विचारलं, की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं.

"काहून? आपल्या घरची सून लोकायचे पोलके शिवणार? मोठ्या मायला चाललं नसतं."

मोठी माय म्हणजे माझ्या सासूची सासू. माझ्या लग्नाच्या काही महिने आधीच वारली. मी तिला बघितलंसुद्धा नव्हतं. भिंतीवर एक फोटो होता, त्यात ती फोटो काढणाऱ्यावर भयंकर चिडलेली दिसायची. पण घर चालायचं तिच्याच हुकमावर. भाजीत खोबरं जास्त पडलं, मोठ्या मायला चाललं नसतं. दुपारी जरा आडवी झाले, मोठ्या मायला चाललं नसतं. बाई वारली होती, पण तिनं राजीनामा दिलेला नव्हता!

मग माझ्या डोक्यात आलं, की परवानगी जर वरूनच यायची असेल, तर ती वरूनच आणावी.

आषाढात मी माहेरी गेले. तिथं माझे रंगनाथकाका होते. सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि गणपतीत जादूचे प्रयोग. आधी टोपीतून कबुतर काढायचे. एका वर्षी ते कबुतर टोपीतच झोपून गेलं, काही केल्या निघेना, आणि लोकांनी 'काका, अंडं तरी काढा' म्हणून ओरडा केला. तेव्हापासून काकांनी पाखरं सोडली आणि आत्मे धरले. मेलेल्या माणसाचा निरोप हातावर उमटवायचा, हा त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ.

"काका, तेवढं मला शिकवा."

"सोपं हाय. साबणाची ओली चिपटी घे, हाताच्या आतल्या बाजूला अक्षर लिही, वाळू दे. वाळलं की काहीच दिसत न्हाई. मग वरून राख चोळ. राख साबणाला धरते अन् अक्षर काळं उठतं. संपला खेळ."

"एवढंच?"

काकांनी पान्हा खाली ठेवला. "एवढं तर कोणी बी करंल. लोकायला पटलं पाहिजे, ते खरं काम! हे बघ, मला येतं असं चुकून बी म्हणायचं न्हाई. ज्याला येतं त्याच्या हाताकडं लोक बघतात. तू आपलं घाबरायचं. राख तू आणायची न्हाई, त्यायनंच आणायची, चोळायची बी त्यायनंच. अन् त्या मेलेल्या माणसाची एखादी अशी खूण द्यायची, जी तुला माहीत असायचं कारणच न्हाई."

"आणि निरोप काय लिहू?"

"छोटा! आत्मे निबंध लिहीत न्हाईत. एक शब्द, अन् तो बी मोघम. तो तू वाचायचा न्हाई, दुसऱ्यानं वाचायचा. अर्थ त्यायनंच लावायचा. आपण सांगितलेलं माणूस उद्या विसरतं रंजने, पण त्याचं त्यानं लावलेलं मरेपर्यंत सोडत न्हाई."

वा! काय ज्ञान! मी सासरी येताना जीपमध्ये सगळी वाट त्या एका शब्दाचा विचार करत होते. सेनगाव सोडलं आणि शब्द सापडला.

'शिव.'

म्हणजे कापड शिव. सुनेला शिवू दे. दोनच अक्षरं, हातावर ऐसपैस मावतील. मी स्वतःवरच इतकी खूश झाले, की शेजारच्या बाईला विनाकारण केळ दिलं.

तुम्हाला आत्ताच काहीतरी खटकलं ना? मला नाही खटकलं! शिवणक्लासवालीला 'शिव' म्हटलं, की सुई सोडून दुसरं काही दिसतच नाही.

राहता राहिली खूण. ती मिळाली रहिमाचाचीकडून. चाची आमच्या गावात बांगड्या भरायची, तिची सासूही भरायची. ती सासू म्हणजे मोठ्या मायची जिवाभावाची मैत्रीण. मी ओट्यावर बसून सहज विचारल्यासारखं केलं.

"चाची, मोठी माय आत्याबाईंना फार रागवायची का हो?"

"हौ, चार लोगों में बहुत चिल्लाती थी. मगर अकेले में क्या बोलती मालूम? मैना बोलती! 'मैने, चा पी. मैने, जरा पड.' मेरी सास कू बतायी थी, बाकी किसीकू मालूम नहीं."

मैना! माझ्या खडूस सासूला मैना! मी तो शब्द गाठीला बांधून घरी आणला.

आखाडीचं जेवण चार-सहा दिवसांवर आलं होतं. आमच्याकडं आखाडी म्हणजे श्रावण लागण्याआधीचं मटण. रानात चिखल, म्हणून बाया घरीच. एके दिवशी सकाळीच मी न्हाणीत जाऊन डाव्या हातावर साबणानं झोकात लिहिलं 'शिव', आणि हात वाळवत बाहेर आले.

आणि मग काय सांगू! जगातली सगळी पाण्याची कामं त्याच सकाळी निघाली.

"रंजने, भांडे घास."

"हात मुरगळला, आत्याबाई."

"मग पीठ मळ."

"तोच हात लागतो ना."

"एका हातानं पाणी तर शेंदशील?"

एका हातानं पाणी शेंदून बघा कधी! मी शेंदलं. अर्धं पाणी आडात, अर्धं माझ्या पायावर, पण डावा हात झेंड्यासारखा वर. दुपारी रहिमाचाची बांगड्यांची पेटी घेऊन आली, तिनं आल्या आल्या धरला नेमका तोच हात! साबणाच्या पाण्याचं भांडं पुढं ओढलं. मी असा हात हिसकला, की तिच्या डझनभर बांगड्या खळ्ळकन् पेटीत पडल्या.

"क्या हुआ गे? बिच्छू काटा क्या?"

आता थांबण्यात अर्थ नव्हता. सासूबाई सुपात डाळ निवडत होत्या, शेजारच्या दोघी बसलेल्या. मी भिंतीवरच्या फोटोकडं टक लावून बघितलं, अंगाला जरा हिसके दिले, डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले,

"मैने… चा पी…"

सूप पडल्याचा आवाज आला. डाळ घरभर.

"माय!" सासूबाई किंचाळल्या. "माझी माय आली वं! मला मैना कोण म्हणतं दुसरं!"

"हात… हात जळून राहिला…" मी पुटपुटले.

"अंगारा आणा!" कोणीतरी ओरडलं. म्हणजे राखही त्यांनीच आणली. काका, तुमचा एकेक शब्द खरा! सासूबाईंनी देवापुढचा अंगारा घेतला आणि माझ्या हातावर खसाखसा चोळला. मी डोळ्याच्या फटीतून बघत होते. शि… व… एकेक काळं अक्षर वर आलं. बाया मागं सरकल्या.

"काहीतरी लिवलंय!"

"काय लिवलंय?"

आणि इथं माझ्या लक्षात आलं, की त्या खोलीत वाचता येणारी मी एकटीच होते. आणि माझ्या तर अंगात आलेलं!

तेवढ्यात चाचीनं हळूच शंका काढली, "मगर मौसी तो अंगूठा लगाती थी. लिखी कैसे?"

हे काकांनी सांगितलंच नव्हतं!

पण सासूबाई तयारच होत्या. "वर जाऊन शिकली असंल. तिथं दुसरं काम काय हाय?"

मामंजींना गोठ्यातून बोलावलं. मामंजी चष्मा पुसत आले, हात धरला, अक्षराला अक्षर लावून वाचलं. "शि… व. शिव."

आता बघतील हां मशीनकडे, म्हणून मी श्वास रोखला.

सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. "महादेवा! औंढ्याला जायचं राहून गेलं व्हतं तिचं. शिवाचं नाव घेऊन आली!"

अरेच्चा!

तेवढ्यात मामंजींचा चेहरा पांढरा पडला. "महादेव न्हाई ते. शीव हाय. बांधाची शीव."

आता हे सांगायला पाहिजे. मामंजींचे धाकटे भाऊ नारायणबापू, भिंतीला भिंत लागून घर, पण दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. शेताच्या बांधावरून. मामंजी नांगरताना दरसाल एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पलीकडं सरकायचे, असं बापू म्हणायचे. मामंजी म्हणायचे, खोटं आहे. आता त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की बापू म्हणत होते तेच बराबर.

माझ्या हातातून निरोप निसटत चालला होता. न राहवून मी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "पहिली… पहिली वेलांटी आहे…"

म्हणजे शीव नाही, शिव!

"आईला काय कळतंय पहिली अन् दुसरी!" मामंजी ओरडले. "शिकून किती दिस झाले तिला?"

आणि तसेच अनवाणी बापूंच्या ओसरीवर गेले. आम्ही सगळ्या बाया पाठोपाठ. मी काही वेळ अंगात आलेलं ठेवलं, मग कोणी बघेना म्हणून काढून टाकलं आणि पळत गेले.

बापूंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "दादा, दहाव्याला कावळा शिवला नव्हता. आठवतं? आपण दोघं दोन तोंडं करून उभे व्हतो. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला. तेच सांगायला आली आई. शिवला न्हाई म्हणून."

"मी चुकलो रे नाऱ्या," मामंजी म्हणाले. "बांध मी सरकवला. उद्या मागं घेतो."

"राहू दे दादा. आई आली, त्यात समदं आलं."

दोन म्हातारे गळ्यात पडून लेकरासारखे रडले. सगळी गल्ली रडली. मीसुद्धा रडले. पण माझं रडणं जरा वेगळं होतं, कारण माझी मशीन अजून कुरडयांच्या खालीच होती.

रात्री जेवताना मी यांना चाचपून बघितलं. "मी काय म्हणते, शिव म्हणजे शिवणं बी असू शकतं ना? कापडबिपड?"

हे इतके हसले, की ठसका लागला. "अगं येडे, सुईदोऱ्यासाठी कोणी वरून खाली येतं का?"

झालं. त्यांनी त्यांचा अर्थ लावला होता, आणि एक नव्हे, तीन तीन. मला वाटलं, जाऊ दे, निदान दोन घरं तर जुळली. विषय संपला.

पण विषय कुठला संपतोय? आखाडीचा दिवस उजाडला. दोन्ही भाऊ एक झाले म्हणून अंगणात मोठं पातेलं चढलं. तो मसाल्याचा वास! मी सकाळपासून भाकरी थापल्या, आणि ताट मांडून बसले, तर सासूबाईंनी माझ्यापुढं ठेवली भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

"हे काय, आत्याबाई?"

"तुझ्या अंगात मोठी माय येऊन राहिली. ती माळकरी. अन् नाव महादेवाचं घेतलेलं. तुला कसं चालंल मटण?"

"पण मला तर…"

"मोठ्या मायला चाललं नसतं," सगळे एका सुरात म्हणाले.

बकऱ्यांच्या घरात देऊनसुद्धा माझ्या नशिबी भगर! त्यात सोमवार सुरू झाले. औंढ्याची वारी ठरली. आणि आमचे हे! यांनी तर कमालच केली. जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला गोरेगावपासून सेनगावपर्यंत बायकोचा महिमा सांगायचा. उतरायच्या आत माणूस विचारायचा, "आमच्या म्हाताऱ्याला बी बोलावतील का हो तुमच्या मिसेस?"

आठ दिवसांत ओट्यावर माणसं दिसायला लागली. एकाची बकरी हरवलेली. एकीचा नवरा मेल्यावर कुलपाची किल्ली सापडेना. एक म्हातारा नुसताच आला होता, म्हणाला, "वर जागा कशी हाय, तेवढं विचारा."

मी घाबरून रहिमाचाचीकडं पळाले. म्हणलं, हिला तर सगळं माहीत आहे, हीच मला सोडवेल.

"चाची, तुमीच सांगा ना सगळ्यांना, की मैना हे नाव मला तुमच्याकडून कळलं."

चाचीनं माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले. "मैना मैं बोली बेटी. मगर शिव तो मैं नहीं बोली ना? वो कहाँ से आया?"

घ्या! खबर देणारीच भक्त झाली!

शेवटी मी ठरवलं, की आता सरळ खरं सांगायचं. बायाबापड्यांना असं फसवत राहणं माझ्याच्यानं होईना, आणि खरं सांगायचं तर पुढची आखाडीही डोळ्यांपुढं दिसत होती. एका दुपारी सासूबाईंना घेऊन बसले.

"आत्याबाई, मोठी माय आली नव्हती. ते मीच साबणानं लिहिलं होतं."

"साबण तर मी बी रोज लावते. माझ्या हातावर कधी उठलं न्हाई."

"अवो, लिहावं लागतं! मी लिहिलं!"

"तूच लिवलंस गं. पण लिवून कोणी घेतलं?"

मोठमोठे बुवा याच वाक्यावर जगतात.

"थांबा, तुमच्याच हातावर करून दाखवते." मी साबण भिजवून आणला. लिहायला हात धरला, आणि मनात आलं, की दाखवायचंच आहे तर काहीही कशाला लिहा? आपल्या कामाचंच लिहू. या वेळी मोघम नको! स्पष्ट, ठळक, तीन अर्थ निघणार नाहीत असं.

मी लिहिलं, 'मशीन'.

"बघितलं ना, आत्याबाई? हे असं लिहायचं."

कसलं बघताहेत! सासूबाई डोळे गच्च मिटून 'नमः शिवाय' म्हणत बसलेल्या. साबणाचा गार स्पर्श झाला म्हणून अंगावर काटा आलेला. मी फुंकर घालून वाळवलं, राख चोळली, आणि म्हणलं, "आता उघडा डोळे."

सासूबाईंनी डोळे उघडले, हातावरची काळी अक्षरं बघितली, आणि आडाच्या पलीकडं ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"माझ्यात बी आली वं माय!"

मामंजी आणि बापू ओसरीवर सोबत चहा पीत होते. दोघं कप टाकून धावत आले. मी आपली "साबण! साबण!" म्हणून ओरडतेय, आणि बापू म्हणताहेत, "सूनबाई, जरा गप. दादा, वाच काय ते."

"म… शी… न. मशीन."

मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. कसं का होईना, शब्द तरी आता नीट आला! मशीनचा अर्थ महादेव कोणी लावू शकत नाही. बांधही नाही, कावळाही नाही!

मग बापू मटकन खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले.

"दादा… आईनं आमच्या मंदीला कबूल केलं व्हतं. 'तुझ्या लग्नात तुला शिलाई मशीन देईन' म्हणून. मी कोणाला बोललो न्हाई. आपलं बोलणंच कुठं व्हतं?"

मंदा ही बापूंची मुलगी. जवळा बाजारच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणून ती पहिल्या बारीला 'शिव' म्हणली! महादेव न्हाई, शीव न्हाई, कावळा न्हाई! शिव म्हणजे शिवणं! आपण सगळे अडाणी, आपल्याला कळलंच न्हाई!"

बघा बरं! माझ्या शब्दाचा खरा अर्थ शेवटी लागला. बराबर लागला! फक्त मंदीच्या नावानं.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू कोपऱ्याकडं वळल्या. इतके महिने ज्या कोपऱ्याकडं कोणी बघत नव्हतं, तिकडं! कुरडयांची पाटी उतरली. डाळीचा डबा उतरला. तांदळाचा डबा उतरला. सासूबाईंनी स्वतः गोधडी काढली, पदरानं मशीन पुसली.

"पण आत्याबाई, ही माझ्या बाबांनी…"

"तुझ्याच हातानं जायची व्हती, म्हणून तर तुझ्याच अंगात आली ती! नशीबवान हाईस." त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. आणि खरं सांगते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या माझ्याशी इतक्या मायेनं बोलल्या, की 'माझी मशीन मला द्या' हे तोंडातून निघेचना. बापू बिचारे रडत होते. भिंतीआडून मंदी बघत होती, तिचं तोंड तर असं उजळलेलं!

मंदीच्या लग्नात हळदीकुंकू लावून, ओटी भरून, मशीन मीच दिली. वर दोऱ्याच्या रिळांचा डबाही दिला. मोठ्या मायला अर्धवट काम चाललं नसतं ना!

काकांना कळवलं, तर ते म्हणाले, "पोरी, एवढं पटवणं तर मला बी कधी जमलं न्हाई." आणि त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली. मला वाटतं त्यांना अभिमानच वाटला असावा.

आता पुढची तेवढी ऐका. मंदीला तेव्हा सरळ टीपसुद्धा येत नव्हती. पण पोरगी जिद्दीची. मीच जाऊन तिला कटिंग शिकवलं, हुक, काजं, अस्तर, सगळं. दहा-बारा वर्षांत तिनं जवळा बाजारात दुकान टाकलं. पाटीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'मोठी माय लेडीज टेलर्स'. हाताखाली दोन मुली. दिवाळीत तर तिच्याकडं उभं राहायला जागा नसते.

मागं मी आणि सासूबाई आठवडी बाजाराला गेलो होतो. म्हणलं, मंदीकडं टेकू जरा. ती नव्या पोलक्याची बाही लावत होती, गिऱ्हाईक बसलेलं, चहा आला. सासूबाई खुर्चीवर बसून कौतुकानं सगळं दुकान न्याहाळत होत्या. कपाटातले कपडे, भिंतीवरचा मोठ्या मायचा फोटो, फर्रर्र फिरणारी मशीन. मग माझ्याकडं वळून मोठा सुस्कारा सोडला आणि भर दुकानात सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"तुला बी लग्नाआधी येत व्हतं म्हणे शिवायला. मग काहून सोडलंस गं?"